राजाचा भात आणि दोन लाख कोटी दाणे

‘सुमारे’ हा शब्द कणेरगडच्या निंबराज राजाने सोमवारी सकाळी राज्यातून हद्दपार केला आणि दुपारपर्यंत ज्वारीच्या कापणीवर बंदी आली!

कारण एवढंसंच होतं. दरबारच्या आकडेखात्यात सहा जणी काम करीत. सगळ्या शेतकऱ्यांच्या लेकी, आणि हौसा त्यांची म्होरकी. साऱ्या शेतांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, निघतील त्या शेतांतला पाच-पाच पावलांचा चौकोन कापायचा, कणसं मळून दाणे मोजायचे आणि आकडे संगणकात भरायचे, की तो अख्ख्या राज्याचं पीक सांगे. यंदा त्यांनी राजाला लिहून दिलं, ‘सुमारे दोन लाख कोटी दाणे.’

राजा भडकला. सुमारे म्हणजे काय? हे राज्य आहे की धुकं? दिवाणांनी मान डोलावली. मान डोलावणं हेच त्यांचं मुख्य काम होतं. लगोलग हुकूम निघाला: एका दाण्यावरून दुसऱ्याचं काही ठरवायचं नाही. राज्यातला प्रत्येक दाणा हाताने तपासावा. तोवर कुणी विळा उचलू नये.

हौसाने गणित मांडलं. सहा जणींना एकतीस हजार सातशे वर्षं लागणार होती. तिने तसं कळवलं, तर दिवाणांनी उलट विचारलं, “नक्की, की सुमारे?”

इकडे ज्वारी वाळून झडू लागली. पाखरांना हुकूम कुणी वाचून दाखवला नव्हता, त्यामुळे ती थव्याथव्याने उतरत होती. हौसाची आई गोफण फिरवून फिरवून दमली आणि लेकीवरच उखडली.

“वरसाची भाकरी डोळ्यांदेखत चाललीय. तुझा राजा काय खातो गं?”

हौसाला रडू कोसळलं. रडता रडता तिला राजा काय खातो ते आठवलं. डोळे पुसून, हुकुमाची नक्कल घेऊन ती थेट राजाच्या मुदपाकखान्यात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजा पाटावर बसला. ताटात मीठ आलं, लिंबू आलं, वरण आलं. भात काही येईना. निंबराजाला वरणभात घटकाभर उशिरा मिळाला तरी घाम फुटायचा. दोन घटका गेल्या, तीन गेल्या. शेवटी तो स्वतःच उठून चुलीपाशी गेला. तिथे आचारी परातीसमोर मांडी घालून, एकेक शीत बोटांनी दाबून बाजूला ठेवत होता.

“सात हजार शितं दाबली जी,” आचारी म्हणाला. “समदी शिजल्यात. बाकीच्यांचं अजून कळायचंय.”

“अरे, एक शीत दाबलं की कळत नाही का?” राजा ओरडला.

“हुकूम हाय ना, महाराज,” कोपऱ्यातून हौसा म्हणाली. “एका दाण्यावरून दुसऱ्याचं ठरवायचं न्हाई. तांदूळ बी दाणाच की.”

राजाने परातीतलं एक शीत उचलून स्वतःच दाबून पाहिलं. ते शिजलेलं होतं.

“पण तुमचं बरोबर हाय,” हौसा पुढे म्हणाली. “एका शितावरून कळतं. फकस्त पातेलं खालीवर ढवळून मग उचलायचं. शेतं काही ढवळता येत न्हाईत, म्हणून आम्ही चिठ्ठ्या टाकतो.”

“आणि तुमचा अंदाज चुकला तर?”

“तर एखादा घास कच्चा लागंल, महाराज. पण जेवण तरी येळेवर मिळंल!”

राजा आधी रागावायला गेला, पण उपाशी पोटी त्याला हसूच आवरेना. हसता हसता तो चुलीपाशीच बसला आणि परातीतूनच भात खाऊ लागला. तोंडात घास असतानाच त्याने कापणीची बंदी उठवली, सहाही जणींना भरजरी शेले दिले आणि यापुढे पिकाच्या बाबतीत आकडेखात्याचाच शब्द शेवटचा, असं जाहीर केलं.

दिवाणांनी मान डोलावली. राजाने परात त्यांच्याकडे सरकवली आणि उरलेली शितं तपासायला सांगितलं.

“किती असतील, महाराज?” दिवाणांनी घाबरत विचारलं.

“सुमारे चाळीस हजार!” राजा म्हणाला.