मोरीचा चीक

“म्हंजे मनी समदे बरोबर… ओवलेत बी बरोबर… तरी माळ कामाची न्हाई?”

“नाही ना, बाबा. तेच तर विचारायला आलोय.”

करीमशा बाबांनी हातातली जपाची तसबी मांडीवर ठेवली आणि समोर बसलेल्या डॉक्टर हेरंब गुळवणीकडे नीट पाहिलं. हा डॉक्टर नाडी बघणारा नव्हे. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तो प्रथिनं घडवायचा. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ, असं त्यानं बाबांना आत्ताच समजावलं होतं. माणदेशातल्या त्या बोडक्या टेकडीवर, फकिराच्या तकियात, म्हणजे मठीत, तो पहिल्यांदाच आला होता आणि तेही अर्ध्या मनानं. त्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणारा सोपान खरात याच गावचा. “साहेब, एकदा आमच्या बाबांना इचारून बगा,” असं तो तीन वर्षं म्हणत होता. साहेब तीन वर्षं हसत होते. यंदा हसू आटलं.

आठ वर्षं तो एकाच प्रथिनामागे होता. एका दुर्मीळ आजाराची लहान मुलं त्या औषधाची वाट बघत होती. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर काम गुंडाळा, असं वरून पत्र आलं होतं.

तरी ऐट काही गेली नव्हती. विचारायला आलेला हा माणूस उत्तरही सोबत घेऊनच आला होता.

“कुठला तरी एक मणी चुकलाच असणार,” हेरंब म्हणाला. “तीनशे बारा मणी आहेत. प्रत्येक मणी चार वेळा तपासलाय. आता पाचव्यांदा तपासणार.”

“तपासा की. पन ती माळ करती काय?”

हा प्रश्न हेरंबच्या आवडीचा होता. त्यानं न विचारताच बाबांच्या मांडीवरची तसबी उचलली आणि ताणून धरली.

“अशी सरळ असते ना, तेव्हा ती काहीच करत नाही. पण ओवून झाली की आपली आपण गुंडाळते. दरवेळी अगदी त्याच घडीत. त्या घडीत एक खोबण तयार होते, आणि खोबणीत जे बसायचं तेच बसतं. जुन्या चपलेत ज्याचा पाय त्याचाच बसतो, तसं. बसलं की काम झालं. एखादी माळ अन्न फोडते, एखादी रोगाला पकडून ठेवते. सगळा खेळ घडीचा आहे, बाबा.”

“आन तुमची?”

“आमची…” हेरंबचा आवाज उतरला. “आमची नीट गुंडाळतच नाही. एकीत एक अडकते, गोळा होतो आणि तळाशी जाऊन बसतो.”

“वविती कोन?”

“जंतू. साधे, निरुपद्रवी. आम्ही त्यांना खायला घालतो, ते माळा ओवून देतात.”

“किती येळात?”

हेरंब पुन्हा खुलला. “पूर्वी सबंध रात्र लागायची. मी ऊब वाढवली, खाणं वाढवलं, तीन तासांवर आणलं. इतक्या झटपट आमच्याशिवाय कुणी करत नाही.”

बाबांनी तसबी परत घेतली. एकेक मणी सावकाश ओढू लागले.

कोपऱ्यातल्या गोणपाटावर काहीतरी बारीक, चिरक्या आवाजात ओरडलं. एक काळं करडू होतं. अजून अंग ओलसर, पाय लटपटते.

पहाटे तकियात दोन शेळ्या व्याल्या होत्या. चांदी व्याली आणि गेली. मोरी व्याली आणि उभी राहिली. चांदीचं हे काळं पोर मोरीजवळ नेलं, तर तिनं एकदाच हुंगलं आणि अशी ढुशी दिली की ते दोन हात लांब जाऊन पडलं. मग बाबांनी तिचा एक सड तिच्या स्वतःच्या करडासाठी राखला आणि दुसऱ्या सडाचा चीक वाटीत काढून घेतला. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची वाटी, जेमतेम अर्धी भरलेली. चीक पिवळाधमक आणि दाट होता.

बाबांनी ती वाटी हेरंबच्या हातात दिली.

“ह्ये पाजा त्येला. बोट बुडवायचं, चोखू द्यायचं. हाय असाच पाजा. सडाची ऊब हाय अजून त्येच्यात.” त्यांनी भिंतीला टेकवलेली कुदळ उचलली. “मी चांदीला मातीत ठिवून येतो.”

“आणि नाही प्यायलं तर?”

“ऊन चढायच्या आत पोटात पडाया पायजे. न्हाईतर दोन खड्डे.”

बाबा उतारावरून खाली गेले.

हेरंबनं वाटीत पाहिलं. एक काळा केस तरंगत होता. काठावर माशी बसली होती. बाबांची नखं त्यानं मघाशीच पाहिली होती.

चिकाबद्दल त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. नुकत्या जन्मलेल्या करडाच्या अंगात रोगाशी लढणारं स्वतःचं काही नसतं. आईनं आयुष्यभर जमवलेली प्रथिनं या चिकातून त्याच्या पोटात जातात आणि पहिल्या काही तासांतच आतड्यातून रक्तात उतरतात. मग ती वाट बंद होते. हे सारं त्याला तोंडपाठ होतं. साठ अंशांपर्यंत तापवलं तर त्या प्रथिनांचं फारसं बिघडत नाही आणि बरेचसे जंतू मरतात, हेही तोंडपाठ होतं.

हाय असाच पाजा म्हणे! फकिराला काय ठाऊक?

चूल पेटलेली होतीच. त्यानं केस काढून टाकला आणि वाटी निखाऱ्यांवर ठेवली. प्रयोगशाळेत उष्णतामापक असतो, इथे बोट होतं. मधोमध बुडवून तो अंदाज घेत राहिला. कोमट… अजून कोमट… अजून थोडं.

दूध तापताना बोलतं. कडेनं फेस येतो, वर चढतं, उतू जाईन अशी धमकी देतं. हेरंबच्या स्वयंपाकघराच्या आठवणी तेवढ्याच होत्या आणि तो त्याच खुणांची वाट बघत होता. पण चीक म्हणजे दूध नव्हे. तो कडेनं मुकाट घट्ट होत आत सरकतो.

करडू पुन्हा ओरडलं. हेरंबनं वळून त्याला गोणपाट पांघरलं आणि चुलीकडे परत आला.

या वेळी बोट बुडालंच नाही.

त्यानं वाटी ओढून काढली, हात भाजला. फुंकर मारली. पाणी घातलं. ढवळलं. पाण्यात पिवळ्या गुठळ्या फिरू लागल्या. अर्धं मात्र वाटीलाच थापून बसलं होतं, छान, मऊ, सुरीनं वड्या पाडाव्यात असं. एवढा मोठा शास्त्रज्ञ, आणि आपल्या हातानं त्यानं त्या पोराच्या तोंडचा घास घालवला होता.

बाबा परत आले तेव्हा तो करडाच्या ओठांना गुठळ्या लावत होता. त्या ओठांवरून खाली पडत होत्या.

बाबांनी वाटी पाहिली. हेरंबकडे पाहिलं.

“काही गेलं नाही त्यातलं, बाबा,” हेरंब घाईघाईनं म्हणाला. “म्हणजे… बाहेर काहीच गेलं नाही. वाफसुद्धा जेमतेम. जे होतं ते सगळं आहे.”

“समदं हाय?”

“सगळं. एक कणही कमी नाही.”

“मग पाजा. पाजा की.”

हेरंबनं करडाच्या ओठांजवळचा हात मागे घेतला.

बाबा खाली बसले. मातीचे हात धोतराला पुसले, वाटीतला एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

“खरवस चांगला झालाय,” ते म्हणाले. “घ्या.”

दुसरा तुकडा त्यांनी हेरंबच्या तळहातावर ठेवला. हेरंबला तो तोंडापर्यंत नेववेना. लहानपणी वाटीभर खरवसासाठी भावाशी मारामारी करणारा हा माणूस, आता मूठ मिटून बसला.

“न्हाई खायचा? मग ह्येचा परत चीक करा.”

“होत नाही, बाबा.”

“समदं हाय म्हनला न्हवं?”

“आहे. मणी तेच आहेत, ओवलेत तसेच. पण घडी उसवली. उसवलेल्या माळा एकमेकींत अडकल्या. आता त्या रोगाला ओळखणार नाहीत, धरणार नाहीत. नुसता गोळा होऊन…”

तो मधेच थांबला.

बाहेर वारा सुटला होता. मोरी कुडाशी खसखस करत पाला खात होती.

हेरंबनं मूठ उघडून तुकड्याकडे पाहिलं. आठ वर्षं तो मणी मोजत होता. तळाशी बसलेला गोळा बघितला की प्रत्येक वेळी नव्यानं मणी मोजायचा. त्याला रडू येईल असं वाटलं, आणि ते आपल्या कामासाठी की त्या करडासाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

“माझ्यामुळे मरेल का हो ते?”

“बसून ऱ्हायला तर मरंल,” बाबा म्हणाले. “उठा. मोरीकडं चला.”

“पण तिचा तो सड तर…”

“तिच्या पोरानं एकडाव पिऊन घेतलंया. त्येचं निभंल. हातानं काढाया आता काय गावायचं न्हाई, जे हाय ते तोंडानंच निघंल.”

बाबांनी एक फडकं आणलं. पहाटे मोरीच्या करडाचं अंग पुसलेलं ते ओलं, वशट फडकं त्यांनी चांदीच्या पोरावरून डोक्यापासून शेपटीपर्यंत फिरवलं. मग चिमूटभर मीठ त्याच्या पाठीवर भुरभुरलं. मोरीची शिंगं एका हातात धरून म्हणाले, “ठिवा तिच्या म्होरं.”

मोरीनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. तिनं जीभ काढली, पाठीवर एकदा फिरवली, मिठाची चव लागली तशी आणखी फिरवली.

“आता सडाला लावा.”

हेरंब गुडघ्यांवर बसला, करडाचं डोकं धरलं आणि सडावर दाबलं. करडानं मान फिरवली. त्यानं जबड्यात बोट घालून तोंड उघडलं आणि सड आत कोंबला. करडानं थुंकून टाकला. मोरीनं लाथ झाडली, ती त्याच्या चष्म्याला लागली. चष्मा शेणात पडला.

“ओढत कसं नाही हे! अरे, तुझ्याच भल्याचं आहे, गाढवा…”

“गाढव न्हवं त्ये,” बाबा शांतपणे म्हणाले.

पुन्हा दाबलं. पुन्हा मान फिरली. ऊन कुडाच्या फटीतून आत आलं होतं. करडाचा आवाज बारीक होत चालला होता, आणि हेरंबच्या दंडात आता ताकद उरली नव्हती. हात आपोआप सैल पडले. करडू त्याच्या मांडीवर नुसतं पडून राहिलं, कासेपासून वीतभर अंतरावर.

कुणी काही केलं नाही.

करडाचं नाक हललं. ते पुढे सरकलं, कासेला धडकलं. मोरीच्या मांडीला तोंड लावून पाहिलं, तिथे काही नव्हतं. गुडघ्याला लावलं. तिथेही नव्हतं. मग वर, मग बाजूला. एकदा सड गालाला लागला आणि निसटला. दुसऱ्यांदा ओठांना लागला.

तिसऱ्यांदा आत गेला.

चुक्… चुक्…

शेपटी हलायला लागली. आधी जराशी, मग अशी भराभर, की हेरंबला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. मोरी कुरकुरली, पण उभी राहिली. घोट घशातून उतरताना दिसत होते. पुन्हा निसटेल या धास्तीनं हेरंबनं घाईघाईनं करडाची मान घट्ट पकडली आणि कासेशी दाबून धरली.

“बाबा,” तो आनंदानं म्हणाला, “मला समजलं! मी भलतंच तपासत होतो. मणी चुकलाच नव्हता, घडी बिघडत होती. आता एवढंच सांगा… पुण्याला परत गेल्यावर माझ्या माळेसाठी काय करू?”

शेपटी हलायची थांबली होती.

बाबांनी खाली वाकून पाहिलं.

“आदी त्येची मान सोडा.”