एका कडीतल्या दोन किल्ल्या

"उस्ताद, आज तरी पक्कड देणार का?"

दिगंबरनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

बाबालाल उस्तादांच्या गॅरेजात गाड्यांच्या वायरिंगचं काम चाले. शिष्य तयार झाला की उस्ताद आपल्या हातातली पक्कड त्याच्या हातात देत. ती मिळाल्याशिवाय कुणी स्वतःचं दुकान उघडत नसे. दिगंबरनं बसस्टँडमागे गाळा घेतला होता. पाटीसुद्धा रंगवून तयार होती.

गाडीला जोडला की बिघाड सांगणारा स्कॅनर चालवायला तो पुण्यात शिकून आला होता. उस्तादांना स्कॅनर येत नव्हता, आणि हे दिगंबर विसरत नव्हता.

उस्तादांनी दारातल्या पांढऱ्या गाडीकडे बोट केलं.

"निवृत्तीरावांची गाडी बघ. मग बोलू."

निवृत्तीराव रोपवाटिकेवाले. गाडी ट्रॅक्टरला बांधून ओढत आणलेली. दिगंबरनं काय झालं म्हणून विचारलं.

"का... काल..." निवृत्तीराव बोलताना अडखळत.

"काल बंद पडली?"

"न... नाही. दु..."

"दुपारी?"

निवृत्तीरावांनी मान हलवली आणि बोलणं सोडून दिलं.

स्टार्टर फिरत होता, पण इंजिन धरत नव्हतं. समोर किल्लीच्या आकाराचा लाल दिवा लुकलुकत होता. चोरापासून गाडी राखणारी ही व्यवस्था. किल्लीच्या डोक्यातली चिप ओळखीची वाटली, तरच ती इंजिन चालू होऊ देते.

स्कॅनर म्हणाला, किल्ली ओळखली नाही.

दिगंबरनं किल्लीतला सेल बदलला. कडीत दुसरी किल्ली होती, तिचाही बदलला. दोन्ही आलटून पालटून लावून पाहिल्या. गिऱ्हाइकाची कडी सोडायची नाही, म्हणजे काही हरवत नाही, अशी त्याची शिस्त होती. फ्यूज पाहिले, बॅटरी पाहिली. दोन तास गेले.

शेवटी त्यानं हात पुसले. गाडीचा कॉम्प्युटरच गेलाय, नवा मागवावा लागेल, आठवडाभर गाडी इथंच राहील, असं सांगितलं.

निवृत्तीरावांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

उस्ताद आले. दिगंबर सगळं सांगू लागला, तर त्यांनी नुसतं बोट वर केलं. दोन चहा मागवले आणि निवृत्तीरावांशेजारी टायरवर बसले. दिगंबरही बाजूला टेकला.

"बोला."

"का... काल..."

उस्ताद बसून राहिले. त्यांनी मान हलवली नाही, घड्याळ पाहिलं नाही.

"काल... दु..."

पुढचा शब्द दिगंबरच्या ओठांवर आला. उस्तादांनी न बघताच त्याच्या गुडघ्यावर तळवा ठेवला.

चहावर साय धरली.

"दु... दुसरी किल्ली... सापडली. कपाटात. एकाच... एकाच कडीत घातली. तेव्हापासून..."

उस्तादांनी कडी मागून घेतली. एक किल्ली सोडवून निवृत्तीरावांच्या खिशात ठेवली. दुसरी लावून फिरवली.

इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं.

दिगंबरला आता उमगलं. दोन चिपा शेजारी शेजारी होत्या, दोघी एकदम उत्तर देत होत्या, आणि गाडीला एकीचंही ऐकू येत नव्हतं. सकाळपासून ती कडी त्याच्याच हातात होती. उस्तादांनी मात्र एक चहा गार होऊ दिला, बस्स. एवढं मोठं काम इतक्या कमी हालचालीत झालेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्याला मान वर करवेना.

निवृत्तीराव गाडीत बसले. काच खाली करून ते दिगंबरकडे वळले.

"तु... तुमचं..."

दिगंबर ऐकत उभा राहिला.

"तुमचं..."

मागून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. दिगंबर हलला नाही.

"तुमचं दुकान... कु... कुठं होणार?"

त्यानं सांगितलं. निवृत्तीराव हसले आणि गेले.

तो वळला तेव्हा उस्ताद मागेच उभे होते. त्यांनी पक्कड त्याच्या हातात ठेवली. मुठीचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं.

"उस्ताद... गाडी तर तुम्ही सुरू केलीत."

उस्ताद आपला गार चहा उचलत म्हणाले,

"गाडी मी सुरू केली. पत्ता त्यांनी तुला विचारला."