कासारणीचे अपील

एकदा एका कासारणीचा अर्ज सरकारने नाकारला. तिचे नाव सुगंधाबाई. सांध्यांच्या विकाराने तिची बोटे आखडली होती. बांगड्या भरण्याचा धंदा जवळपास बंद पडला होता. म्हणून तिने दिव्यांगांसाठीचे मानधन मागितले. तपासणीच्या दिवशी तिला मूठ मिटायला आणि पाण्याचा पेला उचलायला सांगितले. तिने दोन्ही केले. ‘काम करण्यास सक्षम’ असा शेरा पडला. आता अपीलही फेटाळले गेले, तर दुकान मोडून भावाच्या दारी जाणे भाग होते.

गावात एक वृद्ध वकील राहत. त्यांच्या हाताखाली अच्युत नावाचा तरुण वकिली शिकत होता. दोघांनी तिचे अपील हाती घेतले.

सुनावणीच्या आदल्या दिवशी अच्युत तिला म्हणाला, “मावशी, उद्या मूठ मिटूच नका. जमत नाही म्हणून सांगा.”

वृद्ध वकिलांनी त्याला थांबवले. “सुगंधाबाई, काही लपवू नका आणि काही वाढवूनही दाखवू नका. फक्त बांगड्यांची एक पेटी बरोबर आणा.”

अच्युतला याचा अर्थ लागेना. पुरावा म्हणून बांगड्या?

दुसऱ्या दिवशी अपील अधिकारी म्हणून एक मध्यमवयीन बाई बसल्या होत्या. वृद्ध नम्रपणे म्हणाले, “बाईसाहेब, माझा युक्तिवाद काही नाही. हिने तुमच्या हातात बांगड्या भराव्यात, एवढीच विनंती आहे.”

बाई क्षणभर थबकल्या. मग त्यांनी हात पुढे केला.

सुगंधाबाईने तो हात हातात घेतला आणि तिचा आवाजच बदलला. “हात सैल सोडा ताई. असा. हिरवा रंग शोभेल तुम्हाला.” पहिली बांगडी अलगद चढली. दुसरीही चढली. अच्युतचा चेहरा उतरला. त्याला वाटले, खटला आपण आपल्याच हाताने हरलो.

तिसऱ्या बांगडीला तिची बोटे थरथरू लागली. ती बांगडी हातातच पिचली. पुढची जमिनीवर पडली. सुगंधाबाईच्या कपाळावर घाम आला, पण तिने आणखी एक उचलली. बोटे मिटेनात.

“पुरे, बाई,” अधिकारी हळूच म्हणाल्या.

“नको ताई. अर्धा हात भरून कासारीण उठत नाही.” तिने पुन्हा प्रयत्न केला. बांगडी बोटांतून निसटली. तेव्हा कुठे तिचे डोळे भरले.

“रोज असंच होतं?”

“आज बरं म्हणायचं. सकाळी तर एकही चढत नाही. बायका ताटकळतात आणि उठून जातात.”

अधिकाऱ्यांनी जुना वैद्यकीय अहवाल पुन्हा वाचला. सुगंधाबाईला काही प्रश्न विचारले, तिची उत्तरे स्वतः नोंदवली आणि निकाल सांगितला: आधीचा नकार रद्द, मानधन अर्जाच्या तारखेपासून मंजूर. सुगंधाबाई ताठ मानेने बाहेर आली आणि कचेरीच्या पायरीवरूनच तिने बाहेर थांबलेल्या मैत्रिणींना हाक दिली, “मंजूर झालं गं! मी कुठं जात नाही आता!” बायकांनी तिला गराडा घातला. कोणी हसत होती, कोणी रडत होती.

अच्युतने विचारले, “पहिल्या दोन बांगड्या चढल्या, तेव्हा आपल्याला भीती नाही वाटली?”

“वाटली की,” वृद्ध म्हणाले. “पण त्या चढल्या म्हणूनच पुढचे खरे वाटले. पहिला तपासणारा खोटे बोलला नव्हता. त्याने ‘जमते का?’ एवढेच पाहिले. पोट भरायला एकदा जमून भागत नाही, पुन्हा पुन्हा जमावे लागते. तो प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. तू शिकवलेस तसे तिने सोंग केले असते, तर तिची खरी वेदनाही सोंगात जमा झाली असती. अपील म्हणजे नकार देणाऱ्याशी भांडण नव्हे, अच्युत. थोडा अधिक वेळ पाहा, एवढेच त्याला सांगणे.”

पायरीवर सुगंधाबाई अजून हसत होती. अच्युत बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला.

ज्याला नकार मिळाला आहे, त्याने खचण्याआधी एवढे तपासावे: आपल्याला प्रश्न पुरा विचारला गेला होता का?