झुंबरनं नियम लावला

एका गावात एक भोळा झुंबर होता. तसा गावात एकच होता, म्हणून गाव टिकून होतं.

त्याचं लग्न ठरत होतं. सासरा म्हणाला, "दूध डेअरीतली नोकरी महिनाभर टिकव. मग पोरगी देतो."

डेअरी विमलकाकू चालवायच्या. त्यांनी झुंबरला कॉम्प्युटरपुढं बसवलं.

"फॅटचा आकडा बघ. तीनच्या खाली आला की त्या माणसाला लाल कर."

कोंडाजी दूध घेऊन आला. फॅट अडीच. झुंबरनं त्याला गुलाल फासला.

कोंडाजीला वाटलं, आपण निवडून आलो. त्यानं हलगी लावून मिरवणूक काढली. दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावानं दुधात पाणी घातलं. गुलाल कुणाला नको असतो.

काकू म्हणाल्या, "माणसाला नाही रे, मेल्या. कॉम्प्युटरमधल्या नावाला. फॅटच्या रकान्यात बघायचं, शेजारचा नावाचा रकाना रंगवायचा. बघायचं एकीकडं, करायचं शेजारी."

"एवढंच व्हय," झुंबर म्हणाला.

घरी आई म्हणाली, "भाकरी करपली का बघ. करपली तर उतरव."

झुंबरनं बघितलं. करपली होती. मग शेजारी जाऊन गजरावहिनीची कच्ची भाकरी उतरवून आला. पाठोपाठ वहिनी आली, उलथणं घेऊन.

सकाळी तो डेअरीत एकेक नाव रंगवत बसला होता. आता बरोबर रंगवत होता, पण दुपार झाली तरी दहाच नावं झाली.

काकू म्हणाल्या, "असं म्हातारा होशील. सगळ्यात वरच्या नावाला 'तीनच्या खाली तर लाल' असा नियम लाव. मग त्याला धर अन् खाली ओढ. बाकीच्यांना आपोआप लागतो."

झुंबरनं ओढलं. सगळी पाणीवाली नावं लाल झाली. काकू खूश.

घरी आई म्हणाली, "शेळ्यांना जंताचं औषध पाज."

झुंबरनं पहिल्या शेळीला पाजलं. मग तिला धरलं अन् बाकीच्या शेळ्यांपुढनं ओढत नेलं.

"हे काय करतोस?"

"लागलं सगळ्यांना."

पण डेअरीतलं काम चोख होतं. महिना भरला. लग्न उभं राहिलं.

मांडवात झुंबर घाबरला. काकू कानात म्हणाल्या, "डेअरीत करतोस तसं कर. नीट होईल."

अंतरपाट निघाला. झुंबरनं नवरीकडं बघितलं. पसंत पडली. म्हणून शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मामाला हार घातला.

भटजी म्हणाले, "अहो, नवरीला कोण घालणार?"

"दम धरा की," झुंबर म्हणाला. त्यानं मामाचं धोतर धरलं अन् नवरीकडं ओढायला लागला.

मामा एका हातानं धोतर सांभाळत म्हणाला, "जावईबापू, सोडा."

नवरी गरीब पोर. तिला वाटलं, सासरची रीत असंल. तिनंही झुंबरकडं बघितलं, लाजली, अन् आपला हार मामाच्याच गळ्यात घातला.

वाजंत्री वाजली. लोकांनी अक्षता टाकल्या.

अन् मामाचं मामाशीच लग्न लागलं.