शिखरनाथाचा नगारा

श्रीअनुभवगिरी महाराज एके वर्षी चातुर्मासासाठी वेळूखोऱ्यात राहिले होते. भाविकहो, ही हकिकत त्या वेळची आहे.

वेळूखोरे हे तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेले गाव. गावात लक्ष्मीनारायणाचे देऊळ, त्यापुढे नवा प्रशस्त सभामंडप. आणि गावाच्या डोक्यावर, दीड-दोन तासांच्या चढणीवर, काळ्या दगडाचे शिखरनाथाचे जुने देऊळ. महाराजांची उतरण्याची सोय गावकऱ्यांनी मंडपाशेजारच्या खोलीत केली होती. जमीन सारवली होती, दाराला तोरण बांधले होते. महाराजांनी खोली पाहिली, तोंड भरून कौतुक केले, आणि झोळी खांद्याला लावून सरळ डोंगराची वाट धरली!

मानाजी पाटील मागून धावले. "म्हाराज, वर काय बी न्हाई. वारा आन वानरं. पावसाळ्यात तर चार पावलांवरचं दिसत न्हाई."

"पाटील, वर नगारा वाजतो," महाराज म्हणाले. "सकाळी नदी उतरताना ऐकला. तो जिथे वाजतो तिथे आम्ही राहू."

पाटील गोंधळले. नगारा वाजतो हे त्यांना माहीत होते, पण आपण तो शेवटचा कधी ऐकला ते काही त्यांना आठवेना.

तो नगारा वाजवत असे भिवराबाई गुरवीण. तिचे वडील रामजी गुरव हे शिखरनाथाचे पुजारी. भिवरा ऐन विशीत विधवा होऊन माहेरी परत आली, आणि त्याच वर्षी रामजीला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. मुलगा नव्हता. तेव्हा बापाने डाव्या हाताने ओट्यावर ठेका धरून लेकीला एकेक बोल शिकवला. बाईने नगारा वाजवायचा, ही गोष्ट गावाला पटली नाही. पण रोज डोंगर चढून ते काम करायला दुसरे कोणी तयारही नव्हते, म्हणून चालू राहिले. बाप गेला. भिवराबाई देवळाच्या मागच्या खोपटात एकटी राहू लागली. पहाटे, दुपारी आणि सांजेला, दिवसातून तीन वेळा नगाऱ्यावर टिपरी पडे. वारा असो, अंगात ताप असो, त्यात खंड नाही. अशी अठ्ठावीस वर्षे! त्या अठ्ठावीस वर्षांत गावातल्या एकानेही कधी म्हटले नाही, "भिवरे, आज छान वाजवलंस."

गावात त्र्यंबकशास्त्री म्हणून मोठे पुराणिक होते. विद्वत्ता खरी, वाणी तर अशी की मंडपात बसायला जागा मिळत नसे. पण त्या भरलेल्या मंडपाची त्यांना फार सवय झाली होती. महाराज आपल्या मंडपाकडे पाठ फिरवून एका गुरविणीच्या नगाऱ्याशेजारी जाऊन राहिले, हे त्यांच्या मनाला फार लागले. आषाढ संपत आला तेव्हा त्यांनी पंचांना बोलावले.

"शिखरनाथाचा नगारा खाली आणू या," शास्त्रीबुवा म्हणाले. "एवढे मोठे वाद्य, आणि ऐकतो कोण? माकडे आणि घुबडे! पुराणाच्या आधी मंडपात वाजला तर शेकडो लोक ऐकतील. सेवा म्हणजे तरी काय? चार लोकांच्या कानी पडते, चार लोकांना देवाकडे वळवते, ती सेवा. डोंगरावर एकटीने बडवत बसणे याला सेवा म्हणत नाहीत, त्याला नाद लागणे म्हणतात."

सगळे हसले. मानाजी पाटीलही हसले. दुसऱ्या दिवशी चार गडी वर गेले आणि दांड्याला बांधून नगारा खाली घेऊन आले. भिवराबाईने अडवले नाही. फक्त उतरणीवर त्यांच्या मागे मागे थोडे चालत गेली आणि म्हणाली, "पावसात भिजू देऊ नगा रं त्याला. कातडं ढिलं पडतं."

सांजेची वेळ झाली. ओवरीत महाराज बसले होते. भिवराबाई टिपऱ्या हातात घेऊन रिकाम्या ओट्यासमोर उभी होती. मग येऊन महाराजांपुढे बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आले.

"म्हाराज, तुमी सबूद टाकला आसता तर पाटलानं ऐकलं आसतं."

"ऐकले असते," महाराज म्हणाले. "पण माई, ते माझे ऐकले असते. तुझा नगारा ऐकला नसता."

"त्यो तर कुनीच ऐकला न्हाई." मनात वर्षानुवर्षे दाबून ठेवलेले बाहेर आले. "म्हाराज, खरं सांगा. मानसाचं जाऊ द्या. द्येवाला तरी ऐकू गेला आसंल का? का शास्त्रीबुवा म्हनत्यात त्येच खरं, मला नुस्ता नाद लागला हुता?"

महाराजांनी विचारले, "नगारा त्यांनी नेला. टिपऱ्या नेल्या का?"

"न्हाई."

"हात?"

भिवराबाईने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले.

"मग वेळ का चुकवतेस, माई?"

ती उठली. नगारा ज्या दगडी ओट्यावर असे, त्या ओट्यापुढे बसली आणि उघड्या दगडावर टिपऱ्या मारू लागली. टक टक, टकाटक. बापाने शिकवलेले सगळे बोल, एकही न गाळता. महाराज डोळे मिटून ऐकत राहिले.

ही गोष्ट गावात गेली तेव्हा मंडपात हशा पिकला. "आता दगड बडवते म्हणे!" शास्त्रीबुवा म्हणाले. "उद्या हवेत हात फिरवील." आणि खाली नगारा वाजू लागला तसे लोकही म्हणू लागले, की नगाऱ्याचे चीज झाले ते आता झाले.

श्रावणातला तिसरा सोमवार उजाडला. शास्त्रीबुवांची मुलगी यमुना माहेरी आली होती. लग्नानंतर अकरा वर्षांनी तिला मूल झाले होते, आणि बाळाला शिखरनाथाच्या पायावर घालीन असा तिचा नवस होता. शास्त्रीबुवा निघाले म्हणताच गावातली आणखी वीस-बावीस माणसे निघाली. बायकाच जास्त होत्या. पायथ्याशी मानाजी पाटलांनी जुन्या पायऱ्यांकडे बोट केले.

"ती वाट लांबची," शास्त्रीबुवा म्हणाले. "खिंडीतून जाऊ. या डोंगराचा दगडन् दगड मी ओळखतो."

अर्धी चढण झाली नसेल तोच धुके उतरले. पाहता पाहता असे दाट झाले, की पुढच्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून चालावे लागे. वाट कधी सुटली ते कुणालाच कळले नाही. पायाखाली निसरडा कातळ आणि चहूकडे पांढरे. बायकांनी एकमेकींचे पदर धरले. बाळ रडून रडून थकले.

"घाबरू नका, माझ्या मागे या," म्हणत शास्त्रीबुवा काठी टेकत पुढे झाले. चार पावले गेले आणि काठी टेकली ती कशालाच टेकली नाही. तोल सावरताना ती त्यांच्या हातून निसटली. सगळे कान देऊन उभे राहिले. काठी पडल्याचा आवाज आलाच नाही.

पाऊल पुढे टाकण्याची कुणाची छाती होईना. मागे जावे तर मागे काय आहे ते दिसत नव्हते. यमुनेने बाळाला छातीशी आवळले. शेकडो लोकांपुढे ज्यांची वाणी कधी अडखळली नाही, ते शास्त्रीबुवा नुसते "नाथा, नाथा" पुटपुटत होते.

तिकडे देवळात दुपारची आरती नुकतीच झाली होती. भिवराबाई टिपऱ्या खाली ठेवणार, तोच महाराज ओवरीतून उठून तिच्याजवळ आले. आजवर ते तिच्या वाजवण्याच्या मध्ये कधी एक शब्द बोलले नव्हते.

"माई, आज थांबू नकोस," ते म्हणाले. "मी सांगेपर्यंत वाजव."

का, कशासाठी, हे तिने विचारले नाही. टिपऱ्या पुन्हा दगडावर पडल्या.

आणि काय सांगावे! इकडे धुक्यात अडकलेल्या त्या माणसांना नगारा ऐकू आला. भरदार, गंभीर, छातीत घुमावा असा! धुक्यात हाक मारली तर ती चहूकडून आल्यासारखी वाटते, पण हा नाद एकाच दिशेने येत होता, अंधारात कुणी हात धरावा तसा.

"नगारा!" मानाजी पाटील ओरडले, आणि लगेच थबकून म्हणाले, "शास्त्रीबुवा, नगारा तर खाली हाय... तुमच्या मंडपात."

"मग खालीच कोणी वाजवत असेल," शास्त्रीबुवा म्हणाले. "म्हणजे गाव त्या बाजूला आहे. उतरू या, इकडून."

"अण्णा, आवाज वरून येतोय," यमुना म्हणाली.

"वर नगारा नाही! मी स्वतः आणवला आहे तो!"

"असू दे. कान सांगतोय वरून." ती बापाशी असे कधी बोलली नव्हती. "तुम्ही काठी टेकलीत तिथे काय होतं ते ऐकलंत ना? मी आवाजाच्या मागे जाणार. माझ्या हातात माझं बाळ आहे."

ती वळली. एकेक बाई तिचा पदर धरून निघाली. पाटील निघाले. शेवटी शास्त्रीबुवाही निघाले. एक पाऊल टाकावे, थांबावे, ऐकावे, पुढचे पाऊल टाकावे. नगारा क्षणभरही थांबला नाही. दोन तास गेले असतील, तीन तास गेले असतील. नाद मोठा मोठा होत गेला, आणि अचानक पायाखाली घडीव पायरी लागली. ते देवळाच्या अंगणात आले होते!

नगारा आता इतका जवळ घुमत होता की बाळही रडायचे थांबून डोळे मोठे करून ऐकू लागले. सगळ्यांनी आवाजाच्या दिशेने पाहिले. ओट्यासमोर भिवराबाई पाठमोरी बसली होती. खांदे थकून वाकले होते. तिच्या हातातल्या टिपऱ्या उघड्या दगडावर पडत होत्या.

"पुरे, माई," महाराज म्हणाले. "आली सगळी."

तिचे हात थांबले. त्याच क्षणी नगारा थांबला.

शास्त्रीबुवा ओट्याभोवती फिरले. मागे पाहिले, आत गाभाऱ्यात पाहिले.

"नगारा कुठे आहे?" त्यांनी विचारले.

भिवराबाई बिचारी भांबावली. "तुमीच न्हेला की, शास्त्रीबुवा."

"मग आत्ता तू काय वाजवत होतीस?"

"ह्यो दगुड."

"आम्ही नगारा ऐकला, भिवराबाई," यमुना म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते. "आम्ही सगळ्यांनी ऐकला. त्याच्या मागे मागेच आलो आम्ही. नाहीतर आज आमच्यातलं कोणी उरलं नसतं."

भिवराबाईने महाराजांकडे पाहिले. "मला तर म्हाराज, टकटकच ऐकू येत हुती."

तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि धुके फाटले. खाली खिंडीकडची बाजू उघडी पडली. ज्या दिशेने शास्त्रीबुवा सर्वांना उतरवणार होते, तिथे शेकडो हात खोल कडा सरळ तुटलेला होता. मानाजी पाटलांनी गाभाऱ्याकडे वळून हात जोडले.

शास्त्रीबुवा महाराजांच्या पायांवर डोके ठेवण्यासाठी पुढे झुकताच महाराज बाजूला सरले.

"इथे नाही," महाराज म्हणाले. "शास्त्रीबुवा, तुमच्या गावात आलो त्या दिवशी तुम्हाला वाटले, हा बैरागी मंडप सोडून डोंगरावर कशाला गेला? देव काय, तुमच्या मंडपातही आहे. मी हिच्या दर्शनाला आलो होतो. चार मुलखांत हिंडलो, मोठमोठे उत्सव पाहिले, पण कोणीही पाहत नसताना, कोणीही ऐकत नसताना अठ्ठावीस वर्षे एक वेळ न चुकवणारी ही एकच पाहिली. या गावाने मान ताठ करून सांगावे अशी ही बाई आहे, आणि गावाला तिचा आवाज माहीत नव्हता. नाथाला माहीत होता. त्याने आज तुम्हाला तो ऐकवला, तो स्वतः कसा ऐकतो तसा ऐकवला."

हे शब्द ऐकताच भिवराबाईने पदर तोंडाला लावला. तिच्या प्रश्नाचे उत्तर तिला मिळाले होते.

आणि मग वेळूखोऱ्याने कधी पाहिले नव्हते ते पाहिले. दशग्रंथी त्र्यंबकशास्त्र्यांनी खांद्यावरचा शेला काढला, ओल्या चिखलात साष्टांग लोटांगण घातले, आणि त्या गुरविणीच्या पायांपाशी कपाळ टेकले. भिवराबाई घाईघाईने पाय मागे घेऊ लागली.

"आसं करू नगा, बुवा! मला पाप लागंल."

"पाप मला लागले आहे, बाई," शास्त्रीबुवा हुंदके देत म्हणाले. "नगारा उद्या मी स्वतः खांदा देऊन वर आणतो. पण मला आधी क्षमा कर."

"क्षमा कसली करायची त्यात. उठा. लेकुरवाळी वल्ली झालीया, तिला आदी चुलीपाशी बसवा." तिने आभाळाकडे पाहिले. दिवस कलला होता. "आन मला बी सोडा आता. सांजेची येळ झाली."

फोड आलेल्या तळव्यांना चिंधी बांधून ती पुन्हा ओट्यासमोर बसली. पाटील, यमुना, बायाबापड्या, सगळे अंगणात आपापल्या जागी खाली बसले. टिपरी दगडावर पडली. टक टक, टकाटक. या वेळी नगारा घुमला नाही. लाकडाचा दगडावर आवाज होतो तसा साधा आवाज, जेमतेम अंगणापुरता. पण भाविकहो, त्या अंगणात एक माणूस हलले नाही की कुजबुजले नाही. आणि त्र्यंबकशास्त्री शेवटचा बोल संपेपर्यंत ओट्याच्या कडेला मस्तक टेकवून तसेच वाकलेले राहिले.