मुकी रेघ

एका राज्यात डोंगर आणि सखल मुलूख एकाच छत्राखाली नांदत होते. पण राजा धर्मसेनाने डोंगराची सभा मोडली, आणि डोंगराचा नायक वज्रकेतू शस्त्र घेऊन उठला. एका मांत्रिकाने त्याला शापित खजिन्यातली तलवार दिली. तिने जमिनीवर रेघ ओढली की पलीकडचा आवाज अलीकडे येईनासा होई.

पहिली रेघ डोंगर आणि सखल यांच्यामध्ये पडली. पण तलवार म्यानात राहीना. मग खोरे खोऱ्यापासून तुटले, गाव गावापासून. आई हाका मारी. लेकीला नुसते ओठ हलताना दिसत. लढाईत पडलेले वीर उठून रेघांवर पहारा देत. त्यांची सावली पडत नसे.

राजा धर्मसेनाची लेक कुवलया ही वज्रकेतूची भाची. मामाला भेटायला ती एकटीच गडाकडे निघाली. वाटेत वठलेल्या झाडावरून पिंगळा बोलला, "राजकन्ये, तुझ्या वाटेत तीन रेघा आहेत. पहिलीवर शस्त्र ठेव, दुसरीवर मुकुट. तिसरीवर परतीची आशा ठेव."

पहिल्या रेघेवर तिने खड्ग ठेवले. मृतांनी वाट दिली. त्यांत तिचा भाऊ सोमकांत होता. तिने त्याचा हात धरला; तो दगडासारखा थंड. त्याने तिला ओळखले नाही. त्याचा हात सोडून ती पुढे गेली. दुसऱ्या रेघेवर मुकुट उतरवला.

गडाच्या माथ्यावर वज्रकेतू एकटाच बसला होता. त्याने स्वतःभोवतीही रेघ ओढली होती. बाहेर त्याची राणी आक्रोश करत होती. त्याला तो ऐकू येत नव्हता. तलवार त्याच्या तळहातात रुजली होती.

कुवलयाने डोळे मिटले, परतीची आशा सोडली आणि ती तिसरी रेघ ओलांडली.

"मामा."

तो दचकला. कित्येक वर्षांत त्याने माणसाचा आवाज ऐकला नव्हता.

"सभा मोडली, तो अन्याय होता. बाबांनी तो कबूल केला आहे. तुमची सभा पुन्हा भरेल."

"आणि माझ्या हातून मेले ते?"

"ते तुमच्या माथी राहतील, मामा."

 वज्रकेतूने तलवार हातातून उपटली. कातडे सोलून निघाले. त्याच रक्ताळल्या हाताने त्याने रेघ पुसली.

त्या क्षणी राज्यातल्या साऱ्या रेघा पुसल्या गेल्या आणि वर्षानुवर्षे अडलेले सारे आवाज एकदम सुटले. हाका, हंबरडे, अंगाईगीते, मरणाऱ्यांचे शेवटचे शब्द. दऱ्या दणाणल्या. पहारेकरी हळूच जमिनीवर कलंडले आणि त्यांचे डोळे मिटले.

राजा स्वतः डोंगरावर आला. सभा भरली. एकाच चितेवर दोन्हीकडचे वीर ठेवले. अग्नी वज्रकेतूने दिला, आणि चिता विझेपर्यंत तो तिथून हलला नाही.