गुणाजीला हाक

दिवेलागण झाली तरी दगडी डोणीतलं पाणी काठापर्यंत तसंच होतं. कुंभाराची हौसा वाटेकडे बघत राहिली. गडावर विटा पोचवून पाचही गाढवं रोज आपली आपण घरी यायची. "गुणाजी, पाणी भरलंय" अशी तिची हाक गेली की पहिला गुणाजी प्यायचा, मग बाकीची. आज चारच आली, आणि घशाला कोरड पडली तरी एकही तोंड लावीना.

कुणीतरी येऊन सांगितलं, गुणाजीला कोतवाल दौलतरावांनी कोंडलंय. अंगावरचा हौसाच्या खुणेचा गेरूचा ठसा धुतला आणि गाढव माझंच म्हणून मोकळे. गुणाजी पुढे नसला तर बाकीची चढ चढत नसत. म्हणजे वीट बंद, भट्टी बंद, चूलही बंद.

सकाळी हौसा फिर्याद घेऊन दरबारात उभी राहिली. शिवरगडच्या राजांच्या जिभेला एकच शब्द येत असे. आमटी खारट झाली की आचारी गाढव. उशिरा उठला की युवराज गाढव, त्याची तर म्हणे गद्धेपंचविशीच चाललेली. कुणी उलट बोललाच तर त्याच्या घरावरून गाढवाचा नांगर. प्रधान तर इतके मुरलेले, की तो शब्द कानी पडताच मुजऱ्याला वाकत.

राजे म्हणाले, "खाली कोंडवाड्यात चाळीस गाढवं आहेत, सगळी राखी. इथून पाय न हलवता तुझं ओळखून दाखव. जमलं तर कोतवाल महिनाभर तुझ्या विटा वाहील. नाही जमलं तर उरलेली चारही गडावर जमा."

हौसा म्हणाली, "कोतवालसाहेब मालक म्हणवतात ना, महाराज? मग आधी त्यांनी हाक मारावी."

कोतवाल खिडकीशी जाऊन गरजले, "ए गाढवा!"

कोंडवाड्यात एक कान हलला नाही. दरबारात मात्र प्रधान वाकले, आचारी ओगराळं घेऊन धावत आला आणि युवराज दचकून जागे झाले.

"आणि तुझ्या घरी त्याला काय म्हणतात गं?" राजांनी विचारलं.

"नावानं हाक मारतो. राबणाऱ्या जनावराला हा शब्द आम्ही कधी लावला नाही. तो इथं गडावर आल्यावरच ऐकला."

राजे पोट धरधरून हसले. ते हसले म्हणून दरबारही हसला, कशाला ते न कळता.

त्या गलक्यातच हौसानं हाक दिली, "गुणाजीऽ, पाणी भरलंय." आवाज अर्ध्यातच फुटला. खाली सारं शांत. कोतवाल मिशीला पीळ देऊ लागले.

तिनं डोळे मिटले आणि पुन्हा हाक मारली. "गुणाजीऽ, बाकीची तहानलेली थांबलीत रे."

आणि चाळिसांतून एकटाच, पार मागच्या भिंतीकडून, राजांच्या गादीवरची झालर हलेल असा तो रेकला.